सरनौबत वळून बघतो

“कुणाला भेटायचंय?”

“सरनौबतांना.”

वॉचमननं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हातात भाजीची पिशवी, पायात रबरी चप्पल, कपाळावर घाम. “बाई, सरनौबत हे पिक्चरचं नाव हाय. तसा माणूस न्हाई कुणी आत.”

“हाय. माझा बाप हाय त्यो.”

तो हसला. त्याची चूक नाही. मी स्वतः तोवर अठ्ठावीस वर्षं कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडावर चौकशीच्या खिडकीत बसत होते. माझ्याकडं कुणी येऊन असलं काही बोललं असतं तर मी खिडकीच बंद केली असती. पण मी रजा टाकून आले होते आणि आज आत गेल्याशिवाय हलणार नव्हते. पिशवीतून मी ‘फ्लाइंग ऑफिसर सरनौबत’चे चौतीस अंक काढले आणि त्याच्या टेबलावर थाप मारून ठेवले.

“हे आत न्या. डायरेक्टरला सांगा, ज्याच्यावरनं चित्रं काढली त्याची पोरगी आलीय. नाही म्हणाले तर जाते मी, तुमच्या डोक्याला ताप नाही.”

अंक बघितल्यावर त्याचा चेहरा बदलला. तोही पन्नाशीचा होता. “आयला,” तो हळूच म्हणाला, “हे आमच्याकडं पण होतं की!” आणि अंक घेऊन आत पळाला.

पन्नाशीच्या पुढच्या माणसाला सरनौबत सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. एकाहत्तर-बहात्तर साली सुरू झालेलं हे चित्रमालिकेचं पुस्तक, दर महिन्याला एक. दुसऱ्या महायुद्धातली ब्रह्मदेशची आघाडी, आणि त्यात लढणारा आपला मराठी वैमानिक बाजी सरनौबत. त्याच्या विमानाचं नाव घार. गळ्यात पांढरा स्कार्फ, कोपर कायम बाहेर, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या चित्रात तो मान वळवून मागं बघतो आणि हसतो. मागं शत्रूची विमानं असोत, आग असो, काही असो, गडी हसणारच. त्या चित्रासाठी पोरं मारामाऱ्या करायची.

चित्रं काढली तोरस्कर मास्तरांनी. हे गगनबावड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. जन्मात कधी विमानात बसले नाहीत. कोल्हापूरहून रोज सकाळच्या एस.टी.नं शाळेला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. ती गाडी माझे अप्पा चालवायचे, तातोबा चौगुले. मास्तर ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसून गुडघ्यावर वही ठेवायचे आणि अप्पांची चित्रं काढायचे. सरनौबतचे खांदे अप्पांचे, हात अप्पांचे, मानेवरची घडी अप्पांची. स्कार्फ म्हणजे अप्पांचा टॉवेल. विमानाची दांडी म्हणजे एस.टी.चा गिअर. इतकंच काय, घारीच्या खिडकीबाहेर एक रबरी गोळा असायचा, तो आमच्या गाडीचा भोंगा होता. वाचणाऱ्या पोरांना ते बाँब सोडायचं बटण वाटायचं!

अप्पांना हे ठाऊक होतं. “मास्तर,” ते म्हणायचे, “इमान उडवा खुशाल, पण बावड्याच्या स्टॉपला थांबवा बरं का. म्हाताऱ्या शिव्या देत्यात.”

मी नऊ वर्षांची असताना अप्पा काविळीनं गेले. आई त्याच्या कितीतरी आधी, माझ्या जन्माच्या वेळीच गेली होती. अप्पांचा एकच फोटो मागं राहिला, ओळखपत्रावरचा. त्यात ते भिंतीला टेकवलेल्या फळीगत उभे आहेत. तो बघून मला कुणीच आठवत नाही. म्हणून लहानपणी मी सरनौबतचे अंक उघडून बसायचे. त्यात अप्पा हलायचे, वाकायचे, गाडी वळवायचे.

पण त्यात एक घात झाला, आणि तो कळायला मला बरीच वर्षं लागली. मास्तरांनी अंग सगळं अप्पांचं घेतलं, पण तोंड नाही घेतलं. सरनौबतचं नाक सरळ, जबडा चौकोनी, दात पांढरे. ते तोंड बघून बघून माझ्या डोक्यात बसलं. डोळे मिटून अप्पांना आठवायला गेलं की ड्रायव्हरच्या मागच्या जाळीपलीकडची मान दिसायची, खांदे दिसायचे, ते वळताहेत असं दिसायचं, आणि वळले की सरनौबत! माझा बाप मागं वळून माझ्याकडं बघायचा हे मला पक्कं ठाऊक होतं. कसा बघायचा ते गेलं होतं.

एकदा मी मास्तरांकडं गेले होते. ते थकले होते, हात कापत होता. मी विचारलं, “मास्तर, अप्पांचं तोंड कुठं काढलंय का हो? एखादं तरी?”

“नाही गं पोरी,” ते म्हणाले. “गाडी चालवणारा माणूस. तोंड रस्त्याकडं. मला मिळायची ती पाठच.”

“पण ते वळायचे की.”

मास्तर ओशाळले. “वळायचा. पण तो वळला की मी वही झाकून खाली बघायचो. त्याला ठाऊक होतं, तरी समोरासमोर चोरी पकडली गेली असं वाटायचं. ते तोंड, ते हसू, सगळं मी मनानं घातलं. प्रकाशक म्हणाले, हिरो हसला पाहिजे.”

त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडून घरी आले. पुढच्या वर्षी मास्तर गेले.

म्हणून पिक्चरची बातमी आली तेव्हा मी येड्यासारखी मागं लागले. दोन हजार आठला पहिली बातमी, ‘सरनौबत आता पडद्यावर’. मग सहा वर्षं नुसता खेळखंडोबा. दोन डायरेक्टर बदलले, तीन हिरो बदलले. प्रत्येक बातमी मी कापून ठेवायचे. स्टँडावरच्या बायका विचारायच्या, “शालन, तुझ्या पिक्चरचं लगीन ठरलं का गं?” मी म्हणायचे, “मुहूर्त झाला, नवरदेव पळाला.” वरवर हसायचे, पण आतून जीव टांगलेला. मला वाटायचं, कागदावरचं चित्र मुकं असतं. जिवंत माणूस त्या खुर्चीत बसला, अप्पांसारखं कोपर काढलं, अप्पांसारखी मान वळवली, तर कदाचित मला पुढचं आठवेल. बाप परत पाहिजे होता मला, दुसरं काही नाही. घरी आमचे हे म्हणायचे, “पिक्चरातनं कुणी माणूस परत येतंय व्हय?” मी म्हणायचे, “तुम्ही भाकरी खा.”

आणि मग पेपरात आलं की विमानातली दृश्यं आमच्याच जिल्ह्यात, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये चालू आहेत.

आत बोलावणं आलं. शेडमध्ये भट्टीसारखं उकडत होतं. मधोमध प्लायवूडचं अर्धं विमान, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवलेलं. चार बाजूंना चार माणसं बांबू घालून ते हलवत होती. समोर म्हशीएवढा पंखा, मागं हिरवा पडदा. विमानात चामडी टोपी घालून हिरो पार्थ देवकुळे बसला होता. दिसायला राजबिंडा. फोटोपेक्षा बारीक वाटला.

डायरेक्टर ओजस कर्णिक, पुण्याचा. माझे अंक छातीशी धरून उभा होता. “मावशी, बसा. पाणी घ्या. खरं सांगताय ना तुम्ही?”

“खोटं बोलायला रजा कशाला टाकू?” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. भोंग्याचं सांगितलं तेव्हा बाजूला बसलेले एक उंच गृहस्थ टाळी वाजवून उठले. ते विंग कमांडर सोवनी, निवृत्त. विमानाचं सगळं खरंखुरं दिसावं म्हणून सल्ल्याला बोलावलेले.

“तरीच!” ते म्हणाले. “चार दिवस मी यांना सांगतोय, हा गोळा कुठल्याही विमानात नसतो. हा गिअर आहे. ही खिडकी सरकवायची काच आहे. अहो, हा एस.टी. ड्रायव्हर आहे!”

“मग काय कमी हाय व्हय?” मी फटकन बोलले. “पाऊसपाण्यात साठ माणसं घेऊन बावड्याला जाऊन दाखवा.”

सोवनी दचकले, मग मोकळेपणानं हसले. “कमी नाही बाई. पण माझी अडचण ऐका. ते वळून बघणं. पट्टे इतके आवळलेले असतात की एवढं वळताच येत नाही. बरं, मागचं बघायला वैमानिकाला आरसा असतो. आणि समजा वळला, मागं शत्रू दिसला, तर हा हसतो कशाला?”

“सर, ते हसू काढलं तर पब्लिक खुर्च्या फोडेल,” ओजस म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “तीच भानगड आहे मावशी. सकाळपासून अकरा टेक झाले. पार्थ वळतो, हसतो आणि टूथपेस्टची जाहिरात होते. का हसतो तेच कळत नाही आम्हाला. तुमचे वडील का वळायचे?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले.

मग मीच पुढं सांगितलं. घरी सांभाळायला कुणी नव्हतं. शाळेला सुटी असली की अप्पा मला गाडीत घेऊन जायचे. मास्तरांच्या शेजारी, खिडकीकडची जागा माझी.

सोवनींनी अगदी हळू विचारलं, “पण एस.टी.तही आरसा असतो ना?”

“असतो. आरशात पॅसेंजर दिसायचे. मी बुटकी, जाळीच्या खाली यायचे. मान मुरडून खाली बघितल्याशिवाय दिसायचे नाही त्यांना.”

पार्थ विमानातून हे ऐकत होता. त्यानं टोपी काढली. “मावशी, मग बघताना हसायचे का ते?”

झालं. ज्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला मी आले होते तोच प्रश्न त्यानं मला विचारला. शेडमधली वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

“मला आठवत नाही,” मी म्हणाले. “तेच तर बघायला आलेय.”

आणि मी रडले. अठ्ठावीस वर्षं खिडकीत बसून हजारो माणसांच्या शिव्या खाल्ल्या, तिथं कधी डोळ्यातून टिपूस काढलं नाही. त्या परक्या माणसांपुढं पदर तोंडाला लावून रडले. सोवनींनी आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि पाठ करून उभे राहिले.

थोड्या वेळानं पार्थ म्हणाला, “मावशी, कसे बसायचे ते दाखवता का?”

मग मात्र मला हुरूप आला. मी पदर खोचला आणि विमानाच्या फळीवर चढले. कोपर असं नाही, असं. पुरतं बाहेर नाही, मनगट आत. टॉवेल गळ्याला गुंडाळायचा नाही, नुसता टाकायचा, घाम पुसायला असतो तो. पाठ टेकायची नाही. वळणाआधी एकदा बूड उचलून नीट बसायचं, मग दांडी. “आणि मान अशी वळव, खांद्यावरनं. खांदा हलवायचा नाही, हात गाडीवर असतात.” त्यानं केलं. मी त्याला पाठमोरा बघितला. अप्पांची पाठ होती ती, तंतोतंत.

“आता वळ,” मी म्हणाले.

तो वळला. गोड हसला. सरनौबत!

“पुन्हा.”

पुन्हा सरनौबत. चार वेळा, पाच वेळा. बिचारा नाना तऱ्हेनं करून बघत होता, कधी डोळ्यात पाणी आणून, कधी ओठ दाबून. माझी आशा सुटत चालली. घरी आमचे हे म्हणत होते तेच खरं, असं वाटायला लागलं.

ओजसनं सगळ्यांना दहा मिनिटं विश्रांती दिली. कॅमेरावाले चहाला गेले. पार्थ उठला नाही. म्हणाला, “मावशी, तुम्ही मागं बसा ना. खरोखरच्या. समोर कुणी नसताना मी कुणाकडं बघू?”

विमानाच्या खुर्चीमागं फळीवर सेटवरच्या पोरांनी सोड्याचा क्रेट पालथा घातला. मी त्यावर बसले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पाय अधांतरी. धरायला काही नाही. ओजसनं बांबूवाल्यांना खूण केली. ते मघापासून कंटाळले होते, आता कॅमेराही बंद, त्यांना जरा चेव आला. एकानं ओरडून दुसऱ्याला सांगितलं, “घे, घाट आला रं!” आणि चौघांनी मिळून विमान असं काही कलवलं की माझा क्रेट घसरला. मी कडेला गेले. तोंडातून “आई गं” निघालं.

पार्थ वळला. हातातली दांडी न सोडता, खांदा न हलवता, नुसती मान. पण या वेळी तो सरनौबत नव्हता आणि हिरोही नव्हता. म्हातारी खाली पडते की काय म्हणून त्याचा जीव उडाला होता. तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर, कपाळाला आठ्या, डोळे मला शोधताहेत.

“धरलंय का नीट?”

आणि मला दिसले. खाडकन दिसले. पार्थ नाही, अप्पा. चपटं नाक. दोन दिवसांची दाढी, हनुवटीवर पांढरी. पुढचा एक दात काळा पडलेला. पानानं लाल झालेले ओठ अर्धवट उघडे आणि डोळ्यात नुसती भीती. गुळगुळीत रेक्झिनच्या बाकावर माझे पाय खाली पोचायचे नाहीत, प्रत्येक वळणाला मी घसरायचे. साठ माणसांची गाडी हातात असलेला तो माणूस प्रत्येक वळणावर माझ्या घसरण्याला भ्यायचा. हसत कुठला होता! त्याला हसायला फुरसत होती कुठं!

“धरलंय, अप्पा,” मी म्हणाले.

पंख्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. पार्थला गेलं असेल. त्यानं बांबूवाल्यांना थांबायला हात केला आणि मला उतरवून घेतलं.

ओजस धावत आला. “मावशी, लागलं का? काय झालं? आठवलं काही?”

सोवनीही आले. पार्थ बाजूला उभा राहून माझ्याकडं बघत होता. सगळ्यांना उत्तर पाहिजे होतं. मला एक शब्द बोलायचा अवकाश, त्यांनी कॅमेरा लावला असता आणि ते तोंड घेतलं असतं. मग ते बॅनरवर आलं असतं, पोरांच्या टी-शर्टवर आलं असतं. साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं असतं. मी एकोणचाळीस वर्षं ज्याच्यामागं फिरले ते आत्ता कुठं हाताला लागलं होतं, आणि ते माझ्याकडं बघत होतं, फक्त माझ्याकडं. माझा जीव ते द्यायला तयार होईना. त्यांचा सरनौबत त्यांना होता की.

“हसायचे,” मी म्हणाले. “चित्रात आहे तसंच. घ्या तुम्ही.”

ओजसचा चेहरा खुलला. सोवनींनी मान हलवली, त्यांना पटलं नव्हतं. पार्थ माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला, पण त्यानंही तोंड उघडलं नाही. बाराव्या टेकला तो छान हसला. मी टाळी वाजवली, चहा घेतला, अंक पिशवीत भरले आणि पाचच्या गाडीनं घरी आले.

पुढच्या दिवाळीला पिक्चर लागला. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं गेलो. शेवटी सरनौबतच्या मागं सहा विमानं लागतात, तो मान वळवतो आणि हसतो. शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. माझ्या पलीकडच्या खुर्चीवर बापाबरोबर आलेली एक छोटी मुलगी होती. तिनं विचारलं, “पप्पा, मागं एवढी विमानं आहेत, तरी तो हसतोय कसा?”

“शूर माणूस आहे तो,” बाप म्हणाला. “घाबरत नाही.”

माझा बाप घाबरायचा. प्रत्येक वळणाला घाबरायचा आणि वळून मला बघायचा.